विंचवाचे बिऱ्हाड

आमच्या बोईसरच्या घरामागे चिंचेचे एक जुने झाड आहे. त्या झाडाखाली तेरा वर्षे एक मॅटाडोर गाडी उभी होती. पहिली दोन वर्षे बाबा रोज सकाळी तिच्या काचा पुसत. पुढे पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला, तेव्हा ते ओसरीत खुर्ची टाकून तिच्याकडे नुसते पाहत बसत. 2016च्या पावसाळ्यात ते देवाघरी गेले आणि मग तिच्याकडे पाहणारेही कोणी उरले नाही. चाकांतली हवा गेली, टपावर चिंचेचा पाला कुजला, दाराच्या फटीतून पिंपळाचे एक रोपटे वर आले. भंगारवाला दर दोन-चार महिन्यांनी फाटकाशी येऊन भाव सांगे आणि आई त्याला दर वेळी एकच उत्तर देई, "माणूस आजारी पडला म्हणून कोणी विकतं का?"

मे 2023मध्ये मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील नोकरीतून निवृत्त झालो. अडतीस वर्षे फिटर म्हणून पाने-पकडी हाताळलेल्या माणसाला एकाएकी रिकामे हात मिळाले म्हणजे त्याची काय अवस्था होते, हे ज्यांनी अनुभवले असेल त्या वाचकांना सांगावयास नको. अशाच एका दुपारी आई म्हणाली, "पुढच्या वर्षी गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरचं दर्शन आहे. दहा वर्षांनी येतं. त्याच्या पुढच्या दहा वर्षांची हमी मला देता येत नाही."

मी म्हटले, "आई, आगगाडीची तिकिटं काढू."

"गुडघे आगगाडीची पायरी चढत नाहीत. आणि मला तुझ्या बाबांच्या गाडीतून जायचं आहे. त्यांनी शब्द दिला होता."

हा शब्द कोणता, ते आमच्या घरात सर्वांना ठाऊक होते. बाबा मूळचे वसईचे. आजोबांची बैलगाडी होती. वाडीतली केळी आणि विड्याची पाने ते तिच्यातून स्टेशनावर पोहोचवीत. बाबांनी बैलगाडी सोडून मोटार धरली. तारापूरची अणुवीज 1969 साली सुरू झाली, मागोमाग कारखाने आले आणि बाबा कामाच्या शोधात बोईसरला येऊन स्थिरावले. वीस वर्षे दुसऱ्यांच्या गाड्या चालविल्यानंतर 1991 साली त्यांनी कर्ज काढून स्वतःची मॅटाडोर घेतली आणि एका कारखान्याच्या कामगारांची ने-आण पत्करली. तीन पाळ्या, वर्षाचे बारा महिने. 1994च्या नोव्हेंबरात गोव्याचे शवदर्शन सुरू झाले, तेव्हा बाबा आईला म्हणाले होते, "हप्ते फिटू देत, पुढच्या खेपेला आपल्याच गाडीतून जाऊ. गाडीतच झोपू, गाडीतच रांधू." 2004 साली हप्ते फिटले होते; पण पाळ्या सुटत नव्हत्या. 2014 साली बाबा अंथरुणाला खिळलेले होते. आता हे चौथे दर्शन.

अशा रीतीने आमच्या मॅटाडोरचे फिरते घर करण्याचा घाट घातला गेला.

मॅटाडोर ही गाडी आजच्या तरुणांना कदाचित ठाऊक नसेल. मालाची छोटी मोटार म्हणजे 'टेंपो' हा शब्द आपण मराठीच समजतो. पण तो जर्मनीतील हॅम्बुर्गच्या एका कंपनीचे नाव आहे. तिच्याशी करार करून 1958 साली बजाज टेंपो कंपनी निघाली, तिचा आकुर्डीचा कारखाना पुढे प्रसिद्धीस आला आणि मॅटाडोर हे त्याच घराण्यातले अपत्य. 2005पासून ही कंपनी फोर्स मोटर्स या नावाने ओळखली जाते. मॅटाडोर आता बनत नाही. एके काळी मात्र शाळेची मुले, रुग्ण, वऱ्हाडी, भाजी आणि मासळी या सर्वांना वाहून नेणारी हीच गाडी होती. तिचे एक वैशिष्ट्य असे, की इंजिनची ताकद पुढच्या चाकांना मिळते. त्यामुळे मागे जाणारा लांब दांडा तिच्या पोटाखाली नसतो आणि आतली जमीन सपाट व जमिनीलगत राहते. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला चढण्यासाठी आणि आत ओटा, बाकडी मांडण्यासाठी याहून सोयीची रचना नाही.

घर चाकांवर घेऊन हिंडण्याची हौस काही नवी नाही. इंग्लंडात 1885 साली गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त आरमारी डॉक्टरांनी केवळ प्रवासाच्या आनंदासाठी घोड्यांनी ओढायचे घर बांधून घेतले. आपल्याकडे बंजाऱ्यांचे तांडे त्याच्या कितीतरी आधी बैलांवर संसार लादून देशभर फिरत होते; त्यात हौस नव्हती, पोट होते. महाराष्ट्र शासनानेही 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. पण आपल्या भाषेत या साऱ्याला फार जुना शब्द आहे: विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर.

पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात, कामास हात घातला. पहिला घाव कागदांचा बसला. गाडी बाबांच्या नावे होती. मालकाच्या मृत्यूनंतर ती वारसाच्या नावे करावयाची तर नमुना 31चा अर्ज करावा लागतो आणि त्यासोबत इतर वारसांची संमती जोडावी लागते. आईची सही घरात होती. दुसरी सही माझ्या धाकट्या भावाची. आणि त्याच्याशी मी सात वर्षे बोललो नव्हतो.

येथे थोडे मागे जावे लागेल. भाऊ वयाच्या पंधराव्या वर्षापासून बाबांसोबत राहिला. आधी क्लीनर, मग बदली चालक. 2009 साली कारखान्याने मोठी बस लावली आणि आमचे काम गेले. भावाचे म्हणणे होते, की मॅटाडोर विकावी, वर कर्ज काढून नवी गाडी घ्यावी आणि पर्यटकांचा धंदा करावा. बाबांचे म्हणणे, गाडी विकायची नाही. तो वाद वर्षभर चालला आणि 2010 साली भाऊ बायको-मुलांना घेऊन वसईला निघून गेला. मी नोकरदार, मला दोघांचेही पटत होते, म्हणून मी कोणाच्याच बाजूने बोललो नाही. पुढे बाबांच्या दफनाच्या दिवशी तो आला, शवपेटीला खांदा देण्यास पुढे झाला, तेव्हा चार माणसांदेखत मी त्याला म्हणालो, "गाडी विकायला निघालास तेव्हाच तू त्यांना पुरलं होतंस." तो काही बोलला नाही. खांदा दिला आणि परस्पर निघून गेला.

आता त्याच गाडीसाठी त्याची सही हवी होती. फोन करण्याचे धैर्य मला झाले नाही. आईने केला. काय बोलली ते ऐकू आले नाही. पुढच्या रविवारी भाऊ आला. कागदावर सही केली, चहा घेतला आणि निघता निघता परसात गेला. टपावरचा पाला हाताने सारला, पिंपळाचे रोपटे मुळासकट उपटले आणि गाडीखाली वाकून पाहत मला म्हणाला, "चासी शाबूत आहे. पत्रा गेलाय. एकट्याच्यानं होणार नाही हे."

त्यानंतर तो दर रविवारी येऊ लागला. आम्ही गाडीबद्दल बोलत होतो. त्याखेरीज काहीही नाही.

तारापूर-चिंचणीच्या खाऱ्या वाऱ्याने लोखंड कसे खाल्ले जाते हे पालघर जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळे सांगायला नको. वरून बरा दिसणारा पत्रा बोट लावताच आत गेला. गंजावर रंग चढविणे म्हणजे जखमेवर पावडर लावणे. आम्ही सडलेला भाग कापून काढला. डेंटरने नवा पत्रा बेतून वेल्डिंग केले, उरलेला गंज तारेच्या ब्रशने धातूची चकाकी दिसेपर्यंत घासला, त्यावर रेड ऑक्साइडचे दोन हात दिले आणि पोटाखालून डांबरी लेप चढविला. दारांच्या तळाशी पाणी निथळण्याची बारीक भोके असतात. ती मातीने बुजली, की दार आतून सडते. आमची दारे त्यामुळेच गेली होती. अशी भोके दर पावसाळ्याआधी काडीने मोकळी करावीत, हा सल्ला जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला देतो.

इंजिन भावाने पाहिले. तेरा वर्षे निजलेल्या डिझेल इंजिनला एकदम चावी मारली तर आतून चिकटलेले भाग मोडतात. त्याने आधी वरून थोडे तेल सोडले, दोन दिवस मुरू दिले आणि मग इंजिन हाताने सावकाश फिरविले. टाकीतले जुने डिझेल काढून तळाचा गाळ धुतला, नळ्या, फिल्टर, पट्टे बदलले, रेडिएटर उलट्या बाजूने पाणी सोडून साफ केला. काही सुटे भाग मिळेनात; त्यासाठी कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारात तीन फेऱ्या झाल्या. ब्रेक मात्र संपूर्ण नवे केले. ब्रेकचे तेल हवेतली आर्द्रता शोषून घेते आणि पाणी मिसळलेले तेल उतारावर तापले, की ऐनवेळी दगा देते. टायरांची नक्षी चांगली दिसत होती. पण टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरांचे शेवटचे दोन आकडे होते 08. पाचही फेकून दिले.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तो गाडीखाली उताणा होता आणि मी शेजारी पाने देत बसलो होतो. माणसाचा चेहरा दिसत नसला, की बोलणे सोपे जाते. पापनिवेदनाची जाळी कदाचित त्यासाठीच असावी. मी म्हणालो, "दफनाच्या दिवशी बोललो ते खोटं होतं. शेवटच्या महिन्यात बाबांनी मला दोनदा सांगितलं होतं, धाकट्याला बोलाव म्हणून. मी उद्या करतो, परवा करतो म्हणत राहिलो. पाळी होती, पाऊस होता. मग ते गेले. माझी चूक मला झाकायची होती, म्हणून तुझ्यावर टाकली."

गाडीखालून बराच वेळ आवाज आला नाही. मग हात बाहेर आला. "तेराचा पाना दे."

मी दिला. त्याने काम पुरे केले, हात धुतले आणि न जेवता निघून गेला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आईने मला काही विचारले नाही आणि मी तिला काही सांगितले नाही. एकट्याने गाडीच्या आतल्या भिंतींना घासकागद मारीत राहिलो. तिसऱ्या रविवारी सकाळी फाटक वाजले. भावाच्या हातात मागच्या काचेचे नवे रबर होते आणि सोबत त्याचा मुलगा होता. "काका, मला वायरिंग येतं," मुलगा म्हणाला. भाऊ इतकेच म्हणाला, "बाबांनी दोनदा सांगितलं होतं ना? एवढं कळलं, तेवढं पुरे."

वीजेचे काम मग पुतण्याने अंगावर घेतले. इंजिनच्या बॅटरीला हात न लावता त्याने घरासाठी दुसरी, शंभर अँपिअर-तासांची बॅटरी बसविली. म्हणजे रात्रभर दिवे-पंखा चालला तरी सकाळी गाडी सुरू होणारच. हिशोब त्याने वहीत मांडून दाखविला. पाच वॅटचे चार दिवे आणि पंधरा वॅटचा पंखा मिळून पस्तीस वॅट, म्हणजे बारा व्होल्टवर सुमारे तीन अँपिअर. बॅटरी निम्मीच वापरायची ठरविली तरी सोळा तास. प्रत्येक तारेला स्वतंत्र फ्यूज. गाडीत लागणाऱ्या आगी बहुधा अशाच एखाद्या घासलेल्या तारेतून सुरू होतात.

स्वयंपाकघराची मुख्य अभियंता आई होती. मी कागदावर ओट्याचे चित्र काढून नेले. तिने ते पाहिलेही नाही, स्टुलावर बसली, हात पुढे केला आणि म्हणाली, "ओटा इथपर्यंत. मी उभ्यानं भाकरी थापणार नाही." म्हणून आमचा ओटा जगातल्या साऱ्या ओट्यांहून बुटका आहे. तिला पाटा-वरवंटा न्यायचा होता. भावाने वजनाचे कारण सांगितले. गाडीत प्रत्येक किलो इंजिनला चढावर ओढावा लागतो आणि उतारावर ब्रेकला आवरावा लागतो; म्हणून मला हवी असलेली दीडशे लिटरची टाकीही त्याने नाकारली होती आणि वीस लिटरचे दोन कॅनच दिले होते. घासाघीस होऊन पाट्याच्या जागी खलबत्ता मंजूर झाला. गॅसची टाकी पाच किलोची, बाहेरून उघडणाऱ्या वेगळ्या कप्प्यात ठेवली आणि त्या कप्प्याच्या तळाला जाळी ठेवली. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर खिडकीतून जात नाही, खाली साचून राहतो; त्याला वाट तळाशीच हवी. दाराशी अग्निशामक नळकांडे टांगले. दोन बाकड्यांच्या मध्ये फळी टाकली, की आईचा पलंग तयार. आम्ही पुरुषमंडळी बाहेर, ताडपत्रीखाली.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52प्रमाणे गाडीत असे फेरफार करावयाचे तर नोंदणी प्राधिकाऱ्याची परवानगी लागते. प्रवासी वाहतुकीच्या नोंदणीतून खासगी नोंदणीत येणे, आसने कमी करणे, तपासणी, थकलेला कर आणि दंड या सगळ्यात चार महिने गेले. तेवढ्यासाठी धीर सोडून कोणी परस्पर गाडी रस्त्यावर आणू नये. अपघात झाला तर विमा उभा राहत नाही.

ऑक्टोबर 2024मध्ये पहिली चाचणी झाली. बोईसरहून चिंचणीच्या किनाऱ्यापर्यंत. भाऊ चाकावर, आई शेजारी. मॅटाडोरचे इंजिन चालकाच्या बाजूलाच झाकणाखाली असते; आईला झळ लागू नये म्हणून आम्ही झाकणाला आतून जाड अस्तर लावले होते. रात्री सुरूच्या झाडांजवळ गाडी उभी केली. सातपाटीचे सुके बोंबील आणि तांदळाची भाकरी असा बेत होता. आई आत निजली. मध्यरात्री पाऊस आला आणि टपाच्या एका सांध्यातून पाणी बरोबर तिच्या पायांवर गळू लागले. मी ओशाळून आत धावलो, तर ती उठून बसली होती. म्हणाली, "गळू दे. आपलं बोईसरचं पहिलं घरही गळायचंच." दुसऱ्या दिवशी सांधा नव्याने भरला. चाचणी घरापासून जवळ आणि पावसात घ्यावी, हा धडा त्या रात्रीचा.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. कोकणातला महामार्ग जवळचा. पण भावाने घाटाचा मार्ग निवडला. आमच्या चिल्हार फाट्याला लागणारा महामार्ग क्रमांक 48 पुण्यावरून, साताऱ्यावरून थेट कोल्हापूरच्या पुढे जातो. "घरातून बाहेर पडायचं आणि रस्ता सोडायचाच नाही," तो म्हणाला. बोरघाटात काटा वर चढला, तेव्हा गाडी कडेला घेऊन अर्धा तास थांबलो. गरम रेडिएटरचे झाकण कोणी उघडू नये म्हणून भाऊ त्याच्यासमोरच बसून राहिला. पहिली रात्र साताऱ्याच्या अलीकडे एका पेट्रोलपंपाच्या आवारात, परवानगी घेऊन. दुसरी आंबोलीच्या थंडीत. घाट उतरताना भावाने ब्रेकवर पाय ठेवलाच नाही म्हटले तरी चालेल. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी इंजिनच्या जोरावर आवरीत, कण्हत, सावकाश खाली आली. "बाबा असेच उतरवायचे," तो म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिले नाही.

जुन्या गोव्यात से कॅथेड्रलमध्ये आईने दर्शन घेतले. रांगेत तिच्या एका बाजूला मी होतो, दुसऱ्या बाजूला भाऊ. तिने काय मागितले ते तिला आणि देवाला ठाऊक. बाहेर आल्यावर तिने एवढेच म्हटले, "तीस वर्षं लागली. पण आपल्याच गाडीतून आले."

त्या रात्री एका परिचितांच्या आवारात, माडाखाली, गाडी उभी होती. आत आईचा दिवा विझला. बाहेर आम्ही दोघे भाऊ जुन्या घडीच्या खुर्च्यांवर बसलो होतो. मी त्याला बाबांच्या शेवटच्या महिन्यातले सगळे सांगितले. ते काय बोलत, काय खात, रात्री कोणत्या कुशीवर झोपत. सात वर्षे जे त्याचे होते आणि मी माझ्याकडे ठेवले होते, ते परत करण्यास पहाट झाली.

परतल्यावर गाडी कोठे ठेवावी असा प्रश्न उभा राहिला. नोंदणी माझ्या नावे; पण आईने निवाडा केला: एक महिना बोईसरला, एक महिना वसईला. आणि नेणे-आणणे ज्याच्याकडे गाडी असेल त्यानेच करायचे, चावी कोणाच्या हाती पाठवायची नाही. हा मजकूर लिहीत असताना चिंचेखालची जागा रिकामी आहे. टायरांचे चार चट्टे तेवढे मातीत दिसतात. रविवारी भाऊ गाडी घेऊन येणार आहे. मागचा डावा ब्रेक थोडा ओढतो आहे, असे फोनवर सांगत होता. तेराचा पाना मी काढून ठेवला आहे.